जगायला गेलेली माणसं: दिवाळीनंतर पाडे रिकामे का होतात

पालघरमधल्या मोखाडा-जव्हारच्या आदिवासी पाड्यांवर 'स्थलांतर' हा शब्द फारसा कानावर पडत नाही. तो अहवालातला शब्द. शेजारचं घर बंद का, असं विचारलं तर उत्तर येतं, "जगायला गेली." कुठे, तर भिवंडीला, वसईला, वीटभट्टीवर. भात झोडून झालं, दिवाळी आटोपली की कुडाच्या घराचं दार दोरीने बांधायचं. पातेली, गोधड्या, कोंबड्या आणि पोरं टेम्पोत घालायची आणि निघायचं. मागे राहतात ती म्हातारी माणसं, आणि तीही सगळ्या घरांत नाहीत.

या एका क्रियापदात बरंच काही आहे. इथे राहून जगता येत नाही, म्हणून जगायला दुसरीकडे. पण कायमचं नाही. पावसाच्या तोंडावर हीच माणसं परत येतात, पेरणी करतात आणि दिवाळीनंतर पुन्हा निघतात. स्थलांतर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो कोकणातून गिरणगावात आलेला चाकरमानी. तो मुंबईतच खोली घेतो आणि पुढच्या पिढीत मुंबईकर होतो. तो प्रवास सरळ रेषेचा होता. आदिवासींचा प्रवास गोल आहे. अभ्यासक त्याला हंगामी किंवा चक्राकार स्थलांतर म्हणतात. तो गोल आहे, एवढी एक गोष्ट लक्षात घेतली की पुढचे बरेच गुंते सुटायला लागतात.

२०११ च्या जनगणनेत देशात अनुसूचित जमातींची लोकसंख्या १० कोटी ४३ लाखांच्या आसपास, म्हणजे ८.६ टक्के होती. महाराष्ट्रात ती १ कोटी ५ लाख होती. २००७-०८ मध्ये राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने थोड्या दिवसांच्या स्थलांतराची मोजणी केली. तिच्यावर काम करणाऱ्या अभ्यासकांना दिसलं, की अशा ये-जा करणाऱ्यांत आदिवासींचं प्रमाण इतर सगळ्या समाजगटांपेक्षा जास्त आहे. शहरात जाऊन स्थिरावणाऱ्यांत ते मागे आणि सतत फिरत राहणाऱ्यांत सगळ्यात पुढे.

महाराष्ट्रापुरतं बोलायचं तर प्रत्येक डोंगराची स्वतःची वाट ठरलेली आहे. पालघर, शहापूर, मुरबाडकडचे वारली, ठाकर, कोकणा हे भिवंडी-कल्याण-वसईच्या वीटभट्ट्यांवर, रेतीवर, बांधकामांवर जातात. रायगडचे कातकरी भट्टीवर जातात आणि कोळसा पाडायला पार सोलापूर-कर्नाटकापर्यंत पोचतात. नंदुरबारचे भिल्ल आणि पावरा तापी ओलांडून गुजरातेत उतरतात: बारडोली-सुरतेकडे ऊसतोडीला, सौराष्ट्रात शेतीवर. मेळघाटातले कोरकू सोयाबीन-हरभऱ्याच्या हंगामाला सपाटीवर येतात, बांधकामाला शहरात जातात. गडचिरोली-चंद्रपूरचे गोंड-माडिया तेलंगणात मिरची तोडायला जातात. तिथे मजुरीचा काही भाग वाळल्या मिरचीतच मिळतो, मग ती मिरची बाजारात विकून पैसे करायचे. २०२० च्या टाळेबंदीत अशाच मिरचीच्या शेतातून छत्तीसगडच्या बिजापूरकडे पायी निघालेली बारा वर्षांची एक आदिवासी मुलगी घर जवळ आलं असताना वाटेतच गेली, तेव्हा काही दिवस देशाला ही वाट दिसली होती.

एक उलटा प्रकारही आहे. मुंबईतल्या आरेच्या पाड्यांवरचे वारली कुठेही गेले नाहीत. शहरच चालत त्यांच्या दारात आलं. जागचे न हलताही ते आज परक्यासारखे राहतात. पण तो वेगळ्या लेखाचा विषय.

लोक जातात का, याचं उत्तर 'गरिबी' एवढ्यावर थांबवणं सोपं आहे. पण गरिबी तर सगळीकडे आहे. या पट्ट्यात तीन गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत. पहिली जमीन. डोंगरउतारावर भात, नाचणी, वरईचं एकच पीक येतं आणि ते पावसावर. ज्याच्याकडे थोडी जमीन आहे त्याचंही धान्य वर्षभर पुरत नाही. कातकऱ्यांकडे तर तीही नाही. त्यांच्या अनेक वाड्यांखालची जागासुद्धा दुसऱ्याच्या नावावर आहे.

दुसरी गोष्ट पाणी, आणि इथे तर हसावं की रडावं कळत नाही. मुंबईला पाणी पाजणारी तानसा, भातसा, मोडकसागर, मध्य वैतरणा ही धरणं याच शहापूर-मोखाड्याच्या आसपास आहेत. पाऊस इथे बदाबदा कोसळतो. पण कातळाच्या उतारावरून तो वाहून जातो आणि मार्चनंतर धरणाच्या काठावरच्या गावांना टँकरची वाट पाहावी लागते. पाणी पाइपातून ज्या शहराकडे जातं, त्याच्याच मागोमाग माणसंही जातात.

तिसरी गोष्ट जंगल. कातकरी हे नावच कातावरून आलं. खैराचं लाकूड उकळून कात काढायचा हा त्यांचा धंदा. इंग्रजांच्या काळात जंगल सरकारचं झालं, खैर तोडणं गुन्हा ठरला आणि धंदा संपला. मग ही माणसं व्यापाऱ्यांसाठी लाकूडकोळसा पाडू लागली. मुंबईच्या चुली त्यावर पेटत. पुढे घराघरांत गॅस आला तसा कोळसाही मागे पडला. त्याच सुमारास मुंबई-ठाण्याभोवती इमारती वाढत होत्या, त्यांना विटा हव्या होत्या. कातकरी भट्टीवर आले ते असे, एकेक दार बंद होत गेल्यावर उघडं राहिलेल्या शेवटच्या दारातून. नंदुरबारमध्ये याला धरणाची जोड आहे. सरदार सरोवराच्या पाण्याखाली अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांतली महाराष्ट्राची ३३ गावं आली.

पण नुसती गरज असून माणूस हलत नाही, त्याला हलवणारी व्यवस्था लागते. तिचं नाव उचल. कुठे बयाणा म्हणतात, कुठे बाना. मला विचाराल तर हा सगळा विषय समजून घ्यायची किल्ली इथे आहे, म्हणून जरा थांबून बघू.

आखाड-श्रावणात घरातलं धान्य संपलेलं असतं. आजारपण असतं, घर शाकारायचं असतं, कुणाचं लग्न करायचं असतं. त्या वेळी मुकादम वाडीवर येतो आणि हातावर रोख ठेवतो. बँक जे देणार नाही ते तो कागदाशिवाय देतो. बदल्यात दिवाळीनंतर जोडप्याने, म्हणजे नवरा-बायको दोघांनी, त्याने सांगितलेल्या भट्टीवर जायचं. ऊसतोडीतही असंच, तिथे जोडप्याला 'कोयता' म्हणतात. दोन माणसं, पण हिशेबात एक अवजार.

समजण्यापुरते गोल आकडे घेऊ, हे कुठल्या खऱ्या भट्टीचे नाहीत. समजा, जोडप्याने ५०,००० रुपये उचलले. भट्टीवर गेल्यावर मजुरी दर आठवड्याला मिळत नाही. मिळते ती 'खर्ची', म्हणजे मीठ-मिरची, तांदळापुरते पैसे. ती आठवड्याला १,५०० धरली तर २६ आठवड्यांचे ३९,००० झाले. म्हणजे शेठच्या वहीत जोडप्याच्या नावावर ८९,००० रुपये. आता काम. विटा थापायचा दर हजारी असतो. हजाराला ७०० धरू. हंगामभरात जोडप्याने सव्वा लाख विटा थापल्या. त्यातल्या ५,००० तुटफुटीच्या म्हणून वजा झाल्या, उरल्या १,२०,०००. त्यांचे झाले ८४,०००. सहा महिने पहाटेपासून चिखलात उभं राहून शेवटी ५,००० रुपये अंगावर. ती बाकी पुढच्या वर्षीच्या उचलीत मिळवली जाते आणि पुढच्या दिवाळीनंतर कुठे जायचं, हे आताच ठरून जातं.

यात मध्येच अवकाळी पाऊस आला आणि वाळत घातलेल्या कच्च्या विटा विरघळल्या, तर नुकसान कुणाचं? बहुतेकदा थापणाऱ्याचं. आजारी पडून काम बुडलं तर? त्याचंही. ऊसतोडीत त्याला 'खाडा' म्हणतात आणि त्याचे पैसे कापले जातात. वही मुकादमाकडे किंवा शेठकडे. मजुराकडे फक्त आठवण. शिवाय हजारी दराची आणखी एक गंमत आहे. मजुरी विटांवर असल्याने पोरांचे हातही कामाला लागतात. विटा उलटायला, चिखल द्यायला आठ-नऊ वर्षांची मुलं असतात, आणि त्यांची नावं कुठल्याच हजेरीत नसतात.

ठाणे जिल्ह्याला ही पद्धत नवी नाही. स्वातंत्र्याआधी इथे 'लग्नगडी' असत. लग्नासाठी सावकार-जमीनदाराकडून कर्ज घ्यायचं आणि त्यापायी नवरा-बायकोने त्याच्याकडे राबायचं, कित्येकदा जन्मभर. १९४५ साली तलासरी-उंबरगाव भागात वारल्यांनी गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या साथीने वेठबिगारीविरुद्ध लढा दिला आणि लग्नगडी मोकळे झाले. १९७६ साली तर देशभरासाठी वेठबिगारी नष्ट करणारा कायदा आला. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितलं, की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत काम करावं लागणं हीसुद्धा सक्तीची मजुरीच आहे, कारण भूक ही पण सक्ती असते. त्या कसोटीवर आपला वरचा हिशेब लावून पाहा. दोन माणसं, सहा महिने, ८४,००० रुपये. माणशी दिवसाला अडीचशेही पडत नाहीत. लग्नगडी जन्मभराचा होता, कोयता सहा महिन्यांचा आहे, फरक एवढाच. सहा महिन्यांचा फरक लहान नाही, हेही खरं. पावसाळ्यात माणूस आपल्या घरात, आपल्या शेतात असतो.

आता गोल प्रवासाचा दुसरा परिणाम. आपल्याकडचे बहुतेक हक्क पत्त्याला बांधलेले आहेत. शाळेचा पट गावात, अंगणवाडीतलं वजन गावात, मतदारयादीत नाव गावात. माणूस सहा महिने पत्त्यावर नसेल तर हक्क तिथेच थांबतात आणि माणूस पुढे जातो.

सगळ्यात मोठी किंमत लहान मुलं मोजतात. १९९२ मध्ये जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी राज्य हादरलं; मेळघाटचं नावही त्याच सुमारास सगळ्यांच्या तोंडी आलं. तेव्हापासून योजना बऱ्याच आल्या. पण कुपोषणाचा उपाय आठवड्या-आठवड्याला वजन घेण्यावर आणि रोजच्या आहारावर चालतो. मूल जानेवारीत भिवंडीला असेल तर जव्हारच्या अंगणवाडीताईने काय करायचं? भट्टी ज्या गावात आहे तिथल्या ताईच्या यादीत हे मूल नाही. दोन याद्यांच्या मधल्या फटीत ते सहा महिने राहतं. गेल्या काही वर्षांत राज्याने अशा मुलांचा आणि गरोदर बायांचा माग ठेवणारं ॲप काढलं आहे. एका गावच्या ताईने 'गेले' नोंदवलं की दुसऱ्या गावच्या ताईला 'आले' कळावं. कल्पना योग्य आहे. मात्र भट्टी गावापासून तीन किलोमीटरवर माळावर असते, आणि तिथपर्यंत ताईलाच चालत जावं लागतं.

शाळेचंही तसंच. 'शिक्षण हमी पत्रक' नावाचा कागद आहे: मूल जिथे जाईल तिथल्या शाळेने तो बघून वर्गात बसवून घ्यायचं. साखर कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या. ठाण्यातल्या भट्ट्यांवर भोंगाशाळा निघाल्या. भट्टीवरच्या गवता-पाचटाच्या निमुळत्या झोपडीला भोंगा म्हणतात, तिच्यावरून हे नाव. गंमत अशी की मुलाने शाळेकडे येण्याऐवजी शाळेने मुलाकडे जावं, ही कल्पना याच मुलखात रुजली. बोर्डी-कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी आदिवासी मुलांच्या अंगणात शाळा भरवली, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातही भरवली. आज देशभर चालणाऱ्या अंगणवाडीचं नाव तिथून आलं. अंगणात, कुरणात पोचलेली शाळा भट्टीवर मात्र अजून धापा टाकतच पोचते.

हक्क पत्त्याला किती घट्ट बांधलेले असतात, याचं सगळ्यात टोकाचं उदाहरण जातीच्या दाखल्याचं आहे. राज्यघटनेच्या ३४२ व्या कलमानुसार अनुसूचित जमातीची यादी प्रत्येक राज्यासाठी वेगळी असते. म्हणजे माणूस आदिवासी असतो तो देशात नाही, विशिष्ट राज्यात. आंध्र प्रदेशात अनुसूचित जमातीत मोडणारा एक मुलगा वडिलांच्या नोकरीमुळे लहानपणीच मुंबईत आला. इथे शिकला आणि वैद्यकीय प्रवेशासाठी त्याने राखीव जागा मागितली. ती नाकारली गेली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९९० मध्ये निकाल लागला, की त्याची जमात आंध्रात अनुसूचित आहे, महाराष्ट्रात नाही, तेव्हा इथे त्याला सवलत नाही. कायद्याची बाजूही समजण्यासारखी आहे. मागासलेपण त्या त्या प्रदेशाच्या परिस्थितीतून येतं, आणि बाहेरून आलेल्यांनी स्थानिक आदिवासींच्या जागा घेऊ नयेत. पण सीमा ओलांडली की माणसाची जमात कागदावरून पुसली जाते, हे आपल्यापैकी अनेकांच्या लक्षातही येत नाही. बंजारा समाज तेलंगणात अनुसूचित जमातीत, कर्नाटकात अनुसूचित जातीत आणि महाराष्ट्रात विमुक्त जातींत आहे. नांदेड-यवतमाळमध्ये आज या प्रश्नावर जे मोर्चे निघतात, त्यांचं मूळ इथे आहे.

आसामच्या चहामळ्यांत हीच गोष्ट लाखोंच्या बाबतीत घडली. एकोणिसाव्या शतकात छोटा नागपूरच्या पठारावरून, म्हणजे आजच्या झारखंडातून, मुंडा, उरांव, संथाळ यांना मळ्यांवर नेलं गेलं. नेणाऱ्या दलालाला 'आरकाटी' म्हणत, म्हणजे मुकादमाचाच पूर्वज. करार मोडून पळालेल्या मजुराला मळेवाल्याने स्वतःच पकडावं, असा अधिकार १८६५ च्या कायद्याने दिला होता. हा प्रवास गोल नव्हता. बहुतेक परत गेलेच नाहीत. आज त्यांची पाचवी-सहावी पिढी तिथे पानं खुडते. रांचीत राहिलेला त्यांचा भाऊबंद अनुसूचित जमातीत आहे. आसामातले हे मात्र इतर मागासवर्गात आहेत, आणि अनुसूचित जमातीचा दर्जा मागत आहेत. आदिवासी तिथेही तेच. घर बदललं, तशी यादीही बदलली.

मग हे सगळं आकड्यांत का दिसत नाही? कारण आपली मापं सरळ रेषेच्या प्रवासासाठी बनलेली आहेत. जनगणना विचारते, तुमचा जन्म कुठे झाला आणि याआधी कुठे राहत होता. त्या उत्तरांतून स्थलांतर करणाऱ्यांत सगळ्यात मोठा गट निघतो लग्न होऊन सासरी गेलेल्या बायांचा. दरवर्षी जाऊन परत येणारं जोडपं मेमध्ये विचारलं तर 'इथलंच' असतं. नमुना सर्वेक्षणाने एक महिना ते सहा महिन्यांच्या आत बाहेर राहिलेल्यांना वेगळं मोजलं, ते चांगलंच केलं. पण ऊसतोडीचा हंगाम लांबला, सहा महिन्यांवर गेला, की ते कुटुंब त्या रकान्यातूनही घरंगळतं. शिवाय घरातला एकटा मुलगा गेला तर आई सांगते, "तो सुरतेला गेलाय." पूर्ण घर दोरी बांधून गेलं असेल तर सर्वेक्षकाला उत्तर द्यायला उंबऱ्यात कोणी नसतं. ज्यांचं स्थलांतर सगळ्यात मोठं, त्यांचीच नोंद सगळ्यात अवघड.

यावर स्थलांतर 'थांबवलं' पाहिजे, असं भाषणांत ऐकू येतं. मला ते अर्धवट वाटतं. भिल्ल तरुण सुरतेत गवंडीकाम शिकून स्वतःचा दर स्वतः ठरवू लागला तर त्याने जाऊ नये का? मोखाड्याहून वसईच्या नाक्यावर उभं राहणारी माणसं रात्री पुलाखाली झोपतात, त्यात चांगलं काही नाही. तरी संध्याकाळी मजुरी हातात पडते आणि उद्या दुसऱ्याकडे जायला ती मोकळी असतात. माणूस जातो की नाही, यापेक्षा उचल घेऊन जातो की न घेता, हा प्रश्न मला मोठा वाटतो. आणि उचल न घेण्याची ताकद श्रावणातल्या चार पैशांतून येते. रोजगार हमीचं काम वेळेवर निघालं आणि मजुरी वेळेवर जमा झाली तर मुकादमाचं वजन कमी होतं. काम झाल्यावर पैसे तीन महिन्यांनी आले तर त्याचा काही उपयोग नाही. भुकेला तीन महिने थांबता येत नाही.

जंगल हाती आलं की काय होतं, याची उदाहरणं आहेत. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये, देशात पहिल्यांदा, सामूहिक वनहक्क मिळाला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये मिळाला. तिथली ग्रामसभा स्वतः बांबू तोडते, स्वतः विकते आणि मजुरीचा दरही स्वतः ठरवते. कामासाठी बाहेर पडणारी माणसं गावातच थांबली. धुळ्याच्या साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने तर कायद्याची वाट न बघता चैत्राम पवारांच्या पुढाकाराने आपलं जंगल राखलं, पाणी अडवलं; तिथे भाताचं पीक आणि विहिरींचं पाणी दोन्ही वाढलं. २०२५ मध्ये पवारांना पद्मश्री मिळाली. ही गावं मोजकी आहेत. पण कातकऱ्यांच्या बाबतीत जी दारं एकेक करून बंद झाली, त्यांतलंच एक या गावांनी पुन्हा उघडलं.

सातपुड्यात आणि मेळघाटात एक दिवस मात्र असा येतो, की गेलेला प्रत्येक जण परत येतो. धडगाव-अक्कलकुव्याकडे होळीआधी भोंगऱ्याचे बाजार भरतात. गुजरातेतून जीपा भरून माणसं उतरतात, काठी गावच्या राजवाडी होळीला ढोल घुमतो. मेळघाटात कोरकूंचा फगवा सुरू होतो. मुकादमही तेवढे चार दिवस अडवत नाही, कारण अडवलं तरी कोणी थांबणार नाही हे त्याला ठाऊक असतं. कोण कुठून आलं, किती जण आले, हे सगळं त्या चार दिवसांत उघड्या डोळ्यांनी दिसतं. २०११ ची जनगणना ९ ते २८ फेब्रुवारीला झाली होती. येतीही फेब्रुवारीतच आहे, २०२७ च्या. होळी त्यानंतर तीनेक आठवड्यांनी.